नऊ सह्यांचे पत्र : २०२० चा युरोपीय पुनरुत्थान निधी आणि दक्षिण युरोपचे सहकार्य

२५ मार्च २०२० रोजी युरोपीय परिषदेचे अध्यक्ष शार्ल मिशेल यांच्या नावे एक पत्र गेले. त्यावर इटली, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, स्लोव्हेनिया, बेल्जियम, आयर्लंड आणि लक्झेंबर्ग या नऊ देशांच्या नेत्यांच्या सह्या होत्या. कोरोनाचा आघात सर्वांवर सारखाच झाला आहे, त्याला कोणताही देश जबाबदार नाही, म्हणून त्याचे परिणाम निस्तरण्यासाठी एखाद्या युरोपीय संस्थेने सर्व सदस्य राष्ट्रांच्या वतीने बाजारातून दीर्घ मुदतीचे कर्ज उभारावे, अशी मागणी त्यात होती. या मागणीला उत्तरेकडील देशांनी त्याच आठवड्यात नकार दिला. मात्र चार महिन्यांच्या आत, २१ जुलैच्या पहाटे, सत्तावीस देशांनी ७५० अब्ज युरोच्या अशा निधीला संमती दिली, ज्याचा सगळा पैसा युरोपीय आयोगाने स्वतः कर्ज काढून उभारायचा होता. मार्चमध्ये अशक्य वाटणारी गोष्ट जुलैमध्ये कशी घडली आणि त्यात दक्षिणेकडील देशांच्या एकत्र येण्याचा वाटा नेमका किती होता, याचा शोध या प्रकरण अभ्यासात घेतला आहे.

हा वाटा मोठा होता, असे माझे मत आहे. पण तो सहसा सांगितला जातो तसा नव्हता. ‘दक्षिण एकवटली आणि उत्तर नमली’ हे चित्र आकर्षक असले तरी घटनाक्रम त्याला दुजोरा देत नाही. ज्या टप्प्यांवर ही मागणी दक्षिणेची म्हणून ओळखली गेली, तिथे ती अडली. आणि ज्या टप्प्यांवर तिच्यावरचा दक्षिणेचा शिक्का पुसट झाला, तिथे ती पुढे सरकली.

आधीची दहा वर्षे

२०१० नंतरच्या कर्जसंकटात दक्षिणेकडील देशांचे सहकार्य जवळजवळ नव्हतेच. ग्रीस, पोर्तुगाल, सायप्रस आणि बँकांपुरता स्पेन यांनी एकामागून एक मदत घेतली, पण ग्रीस सोडून प्रत्येकाचा सारा प्रयत्न आपण ग्रीससारखे नाही हे बाजाराला आणि बर्लिनला पटवून देण्याचा होता. जून २०१२ च्या शिखर बैठकीत इटलीचे मारिओ मोंती आणि स्पेनचे मारियानो राहोय यांनी विकासाच्या कराराला दिलेली संमती रोखून धरली आणि बँकांच्या मदतीबाबत सवलत पदरात पाडून घेतली. अशा संयुक्त खेळीची उदाहरणे विरळाच. २०१५ मध्ये ग्रीसमध्ये अलेक्सिस त्सिप्रास यांचे सरकार आल्यावर तर त्यांना सर्वांत कडवा विरोध ज्यांच्याकडून झाला, त्यांत माद्रिद आणि लिस्बन ही शहरे होती. राहोय यांना घरी पोदेमोस या नव्या डाव्या पक्षाचे आव्हान होते, पोर्तुगालमध्ये निवडणूक तोंडावर आली होती, आणि ग्रीसला सूट मिळाली असती तर आपण आपल्या जनतेला सोसायला लावलेली काटकसर कशासाठी होती, या प्रश्नाला दोन्ही सरकारांकडे उत्तर उरले नसते. त्सिप्रास यांनी त्या फेब्रुवारीत या दोन्ही देशांवर आपले सरकार पाडण्याचा डाव रचल्याचा जाहीर आरोप केला, तेव्हा दक्षिणेच्या एकजुटीची काय अवस्था होती ते उघड झाले.

ही स्थिती बदलण्याचा पहिला औपचारिक प्रयत्न ९ सप्टेंबर २०१६ रोजी अथेन्समध्ये झाला. ग्रीस, इटली, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, सायप्रस आणि माल्टा या सात देशांची ती पहिली शिखर बैठक होती. राहोय काळजीवाहू पंतप्रधान असल्याने आले नाहीत, त्यांच्या वतीने एक राज्यमंत्री हजर राहिला. जर्मनीचे अर्थमंत्री वॉल्फगांग शॉयब्ल यांनी समाजवादी नेते एकत्र जमले की त्यातून फारसे शहाणपणाचे काही निघत नाही, अशा अर्थाची शेरेबाजी करून या उपक्रमाचे मोल आधीच ठरवून टाकले. नंतर लिस्बन, माद्रिद, रोम, निकोसिया, व्हॅलेटा अशा बैठका होत राहिल्या, लांबलचक निवेदने निघत राहिली. या गटाला ना सचिवालय, ना सनद. यजमान देश कार्यक्रम ठरवतो आणि निवेदनात ज्याला जे हवे ते एखाद्या परिच्छेदात मावते. मात्र नेते आणि त्यांचे सल्लागार एकमेकांना ओळखू लागले, हा लाभ निवेदनांत दिसत नसला तरी खरा होता.

२०१७ च्या मार्चमध्ये युरोगटाचे, म्हणजे युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाचे, तत्कालीन अध्यक्ष, नेदरलँड्सचे येरून डायसेलब्लूम यांनी एका जर्मन वृत्तपत्राच्या मुलाखतीत, सगळा पैसा दारू आणि बायकांवर उधळून मग मदत मागता येत नाही, असे उद्गार काढले. त्यांच्या राजीनाम्याची मागणी करणाऱ्यांत पोर्तुगालचे पंतप्रधान अँटोनियो कोस्टा आघाडीवर होते. (कोस्टा यांचे पितृघराणे मडगावचे, गोव्यात त्यांना ‘बाबुश’ या घरगुती नावानेही ओळखतात.) हा प्रसंग येथे नोंदवण्याचे कारण असे की, तीन वर्षांनी हाच वाद, त्याच दोन देशांत, जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा उफाळला.

मार्च २०२० : पत्र आणि त्याचा अर्थ

९ मार्च रोजी इटलीने संपूर्ण देशभर टाळेबंदी लागू केली. इटलीचे सार्वजनिक कर्ज तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १३५ टक्के होते, ग्रीसचे सुमारे १८० टक्के, तर नेदरलँड्सचे ५० टक्क्यांच्याही आत. संकट सर्वांचे असले तरी खर्च करण्याची ऐपत सर्वांची सारखी नव्हती. १२ मार्चला युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्ष क्रिस्टीन लगार्ड यांनी देशादेशांच्या कर्जरोख्यांच्या व्याजातील तफावत मिटवणे हे आपले काम नव्हे, असे म्हणताच इटलीचे रोखे कोसळले. १८ मार्चला त्याच बँकेने ७५० अब्ज युरोच्या रोखेखरेदीची घोषणा करून स्थिती सावरली. त्यामुळे तातडीचा धोका टळला, पण पुढच्या उभारणीचा खर्च कोणाच्या कर्जखात्यावर पडणार हा प्रश्न तसाच राहिला.

नऊ सह्यांच्या पत्रातील दोन निवडी महत्त्वाच्या होत्या. पहिली निवड युक्तिवादाची. पत्रात जुन्या कर्जाचा विषयच काढलेला नव्हता. मागणी होती ती केवळ महासाथीमुळे येणाऱ्या नव्या खर्चासाठी. कर्जसंकटाच्या काळात उत्तरेचा सगळा भर ‘तुमच्या चुकांचे पैसे आम्ही का भरावेत’ या नैतिक मुद्द्यावर असे. विषाणूच्या बाबतीत तो मुद्दा लावणे अवघड होते आणि पत्राने तो लावण्याची जागाच ठेवली नाही. दुसरी निवड सह्यांची. सात दक्षिणी देशांच्या गटातील पाचच देशांच्या सह्या पत्रावर होत्या. माल्टा आणि सायप्रस यांच्या नव्हत्या. उलट आयर्लंड, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग यांच्या होत्या, आणि लक्झेंबर्गसारख्या श्रीमंत, कमी कर्जाच्या देशाला स्वतःसाठी या पैशाची गरज आहे असे कोणीही म्हणू शकत नव्हते. पत्र सातांच्या गटाच्या नावाने गेले असते तर बर्लिन आणि हेगमध्ये ते न वाचताच समजले असते.

तरीही २६ मार्चच्या सहा तास चाललेल्या दूरदृश्य बैठकीत काही हाती लागले नाही. इटलीचे पंतप्रधान जुझेप्पे कोन्ते आणि स्पेनचे पेद्रो सांचेझ यांनी निवेदनाच्या मसुद्याला संमती नाकारली आणि विषय दोन आठवड्यांसाठी अर्थमंत्र्यांकडे ढकलला गेला. नेदरलँड्सचे अर्थमंत्री वोप्के हुक्स्ट्रा यांनी, काही देशांकडे संकटासाठी शिल्लक का उरली नाही याची आयोगाने चौकशी करावी, असे सुचवल्याचे बाहेर आले. कोस्टा यांनी पत्रकार परिषदेत हे बोलणे युरोपीय संघाच्या चौकटीत किळसवाणे असल्याचे म्हटले. पुढच्याच आठवड्यात हुक्स्ट्रा यांनी आपल्या बोलण्यात सहानुभूती कमी पडल्याचे मान्य केले. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. नैतिक उंचवटा प्रथमच उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकला होता, आणि काटकसरीची बाजू मांडणाऱ्यांना आधी माणुसकीची ग्वाही देऊन मग बोलावे लागत होते.

एप्रिल : अर्धे यश आणि एक अडचण

७ एप्रिलला सुरू झालेली अर्थमंत्र्यांची बैठक रात्रभर चालून सकाळी तहकूब झाली आणि ९ एप्रिलला संपली. युरोगटाचे अध्यक्षपद तेव्हा पोर्तुगालच्या मारिओ सेंतेनो यांच्याकडे होते. ५४० अब्ज युरोची तीन कलमी योजना ठरली : युरोपीय स्थैर्य यंत्रणेकडून २४० अब्जांपर्यंतचे कर्ज, युरोपीय गुंतवणूक बँकेकडून २०० अब्ज, आणि नोकऱ्या टिकवण्यासाठी आयोगाकडून १०० अब्ज. हे सारे कर्जच होते. शिवाय स्थैर्य यंत्रणा म्हणजे ग्रीसवर कठोर अटी लादणारी संस्था, अशी तिची दक्षिणेत ख्याती असल्याने, अटी फक्त आरोग्यखर्चापुरत्या ठेवूनही तिच्या दाराशी कोणी गेले नाही. इटलीत तर तिचे नाव काढणे हा राजकीय आत्मघात ठरला असता.

याच महिन्यात दक्षिणेतील मतभेदही स्पष्ट झाले. इटलीचा भर सामाईक रोख्यांवर होता आणि ‘करोनारोखे’ हे नाव तिथे अस्मितेचा विषय बनले होते. फ्रान्सला ठरावीक मुदतीचा स्वतंत्र निधी हवा होता. स्पेनने १९ एप्रिलच्या टिपणात वेगळाच मार्ग सुचवला : दीड हजार अब्ज युरोपर्यंतचा निधी, तो कायमस्वरूपी रोख्यांतून उभारायचा, म्हणजे मुद्दल कधीच न फेडता केवळ व्याज देत राहायचे, आणि देशांना पैसा अनुदान म्हणून द्यायचा. कायमस्वरूपी रोखे मान्य होण्यासारखे नव्हतेच. पण टिपणातील दुसरी गोष्ट टिकली. निधी युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकाला जोडायचा, म्हणजे नवी संस्था नको, नवा करार नको, आणि एका देशाचे कर्ज दुसऱ्याच्या गळ्यात पडण्याची भीती नको. २३ एप्रिलच्या बैठकीत नेत्यांनी आयोगाला प्रस्ताव तयार करायला सांगितले, तेव्हा चर्चा रोख्यांच्या नावावरून अंदाजपत्रकाच्या रचनेवर आली होती. या वळणाचे श्रेय माद्रिदला पुरेसे दिले जात नाही.

उत्तरेतील जनमताचा अंदाज येण्यासाठी एक छोटी चित्रफीत पुरेशी आहे. एप्रिलच्या अखेरीस हेगमधील एका कचरा प्रक्रिया केंद्रात नेदरलँड्सचे पंतप्रधान मार्क रुट गेले असता, एका कामगाराने इटालियन आणि स्पॅनिश लोकांना पैसे देऊ नका, असे त्यांना ओरडून सांगितले. रुट हसत ‘नाही, नाही’ म्हणाले आणि अंगठा उंचावून दाखवला. ही फीत दक्षिणेत संतापाने पाहिली गेली.

मे : बर्लिन का वळले

५ मे रोजी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या जुन्या रोखेखरेदीवर आक्षेप घेणारा निकाल दिला. आतापर्यंत दक्षिणेला सावरण्याचे काम बँकेवर सोपवून राजकारण्यांना हात झटकता येत होते. आता त्या मार्गावरच जर्मन न्यायालयाने प्रश्नचिन्ह लावले. दुसरीकडे, इटली आणि स्पेन म्हणजे जर्मन उद्योगाची गिऱ्हाइके आणि पुरवठादार. जर्मनी आपल्या कंपन्यांना सढळ हाताने मदत करीत असताना हे दोन देश मागे पडले असते तर एकल बाजारपेठच लंगडी झाली असती. १८ मे रोजी अँगेला मर्केल आणि इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी ५०० अब्ज युरोच्या अनुदान-निधीचा संयुक्त प्रस्ताव मांडला.

येथे फ्रान्सची दुहेरी भूमिका निर्णायक ठरली. तो नऊ सह्यांच्या पत्रात होता, सातांच्या गटातही होता आणि बर्लिनशी जोडलेलाही होता. पॅरिस मार्चमध्ये तटस्थ राहिले असते, तर मे महिन्यात त्याला दक्षिणेच्या मागणीचे ओझे बर्लिनपर्यंत वाहून नेण्याचे कारण उरले नसते. मात्र त्याची किंमतही होती : अंतिम मसुदा दोन राजधान्यांत ठरला आणि रोम, माद्रिद, लिस्बन यांना तो मान्य करण्यापलीकडे फारसे काही करायचे उरले नाही. २७ मेला आयोगाने त्यात २५० अब्जांचे कर्ज जोडून ७५० अब्जांचा प्रस्ताव ठेवला. कायदेशीर रचनेत प्रत्येक देशाची जबाबदारी अंदाजपत्रकातील त्याच्या वाट्यापुरती राहिली. मूळ सामाईक रोख्यांची कल्पना म्हणजे सर्वांनी सर्वांसाठी जामीन राहणे, ती सोडून द्यावी लागली.

जुलै : चार दिवस, चार रात्री

१७ जुलैला ब्रसेल्समध्ये नेते मुखपट्ट्या लावून प्रत्यक्ष भेटले. मर्केल आणि कोस्टा या दोघांचाही तो वाढदिवस होता, त्यामुळे सुरुवात भेटवस्तूंनी झाली. पुढचे चार दिवस मात्र तसे गोड गेले नाहीत. ऑस्ट्रिया, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि स्वीडन या ‘काटकसरी चौकडी’ला फिनलंडची साथ होती. त्यांना अनुदान कमी आणि नियंत्रण जास्त हवे होते. ५०० अब्जांचे अनुदान अखेर ३९० अब्जांवर आले आणि कर्ज ३६० अब्जांवर गेले. रुट यांना प्रत्येक हप्त्यावर नकाराधिकार हवा होता. त्याऐवजी एखाद्या देशाला शंका असल्यास विषय युरोपीय परिषदेकडे नेण्याची तरतूद झाली. युरोपीय अंदाजपत्रकात भरायच्या वर्गणीवर चौकडीला मिळणाऱ्या सवलती वाढल्या. एकट्या नेदरलँड्सची सवलत वर्षाला सुमारे १.९२ अब्ज युरो झाली.

या आकड्यांकडे जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण बातम्यांतून एक गोष्ट निसटली. अनुदान ११० अब्जांनी कमी झाले, पण देशांना थेट मिळणारे अनुदान कमी झाले नाही. आयोगाच्या प्रस्तावात ते ३१० अब्ज होते, अंतिम करारात ३१२.५ अब्ज. कात्री लागली ती सामाईक युरोपीय कार्यक्रमांना. कोळसा सोडणाऱ्या प्रदेशांसाठी निधीतून ३० अब्ज देण्याचा प्रस्ताव होता, ते १० झाले, संशोधनासाठी १३.५ अब्ज होते, ते ५ झाले. आणि महासाथीतून जन्मलेल्या या निधीतून आरोग्य कार्यक्रमाचा वाटा पूर्णपणे गेला. युरोपीय एकात्मतेची भाषा बोलत आलेल्या दक्षिणी सरकारांनी निर्णायक रात्री आपापल्या देशाची पाकिटे सांभाळली आणि सामाईक कार्यक्रमांवर पाणी सोडले. त्यांना घरी जाऊन मतदारांना आकडा दाखवायचा होता, हे समजण्यासारखे आहे. तरीही युरोपचे धोरण घडवण्याचा दावा आणि ही तडजोड यांत अंतर आहेच.

वाटपाच्या सूत्रातही अशीच एक मेख होती. आयोगाने लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि २०१५ ते २०१९ मधील बेरोजगारी हे निकष घेतले होते. कोरोनापूर्वीच्या बेरोजगारीचा कोरोनाशी संबंध काय, हा चौकडीचा सवाल रास्त होता. ग्रीस, स्पेन आणि इटली यांना त्या निकषाचा उघड फायदा होता. तडजोड अशी झाली की ७० टक्के रक्कम २०२१ आणि २०२२ मध्ये जुन्या निकषाने, आणि उरलेली ३० टक्के प्रत्यक्ष उत्पन्नघटीनुसार द्यायची. ‘कोणाचाही दोष नाही’ हा मार्चमधील युक्तिवाद आणि जुनी दरी भरून काढण्याचा हेतू यांची सांगड येथे गुपचूप घातली गेली.

पैसा आल्यावर

निधीची नियमावली १२ फेब्रुवारी २०२१ रोजी, युरोपीय संघाचे फिरते अध्यक्षपद पोर्तुगालकडे असताना संमत झाली आणि २२ एप्रिलला पोर्तुगालनेच सर्वांत आधी आपला खर्चाचा आराखडा सादर केला. इटलीत निधीच्या वापरावरून झालेल्या वादात कोन्ते यांचे सरकार पडले आणि मारिओ द्राघी पंतप्रधान झाले. इटलीने ६८.९ अब्ज अनुदानासह कर्जाचा पूर्ण वाटा घेऊन १९१.५ अब्जांचा आराखडा केला. ग्रीसनेही कर्ज घेतले. स्पेनने सुरुवातीला फक्त अनुदान मागितले आणि कर्ज २०२३ मध्ये घेतले. स्वतःच्या नावावर स्वस्तात कर्ज मिळत असेल तर ब्रसेल्सच्या अटींचे कर्ज कशाला, हा त्यामागचा साधा हिशेब. मार्चच्या पत्रात एका आवाजात बोललेल्या देशांचे हितसंबंध इतक्या लवकर वेगळे झाले. सीमेपलीकडील संयुक्त प्रकल्पांना या आराखड्यांत फारच थोडी जागा मिळाली, ही मला या प्रकरणातील सर्वांत मोठी हुकलेली संधी वाटते.

सात देशांचा औपचारिक गट या काळात कुठे होता? जून २०१९ च्या व्हॅलेटा बैठकीनंतर त्याच्या नेत्यांची पुढची शिखर बैठक थेट १० सप्टेंबर २०२० रोजी कॉर्सिका बेटावर झाली, म्हणजे सौदा पक्का झाल्यावर. तिथे मुख्य विषय पूर्व भूमध्यातील तुर्कस्तानचा होता, आणि फ्रान्स, ग्रीस, सायप्रस एका बाजूला तर इटली, स्पेन, माल्टा जरा मवाळ, असे चित्र होते. २०२१ मध्ये अथेन्सच्या बैठकीत क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया सामील झाल्यावर गट नऊ देशांचा झाला. संख्या वाढल्याने धार वाढली असे म्हणता येणार नाही.

पुढची मोठी लढाई वित्तीय शिस्तीच्या, म्हणजे सरकारांची तूट आणि कर्ज यांवर मर्यादा घालणाऱ्या, नियमांची होती. तिथे मार्च २०२० ची जुळणी पुन्हा जमली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मॅक्रॉन आणि द्राघी यांनी नियम सैल करण्याची भूमिका एका संयुक्त लेखात मांडली. स्पेनने मात्र एप्रिल २०२२ मध्ये याच विषयावर चक्क नेदरलँड्सबरोबर संयुक्त टिपण काढले, ज्यात कर्ज कमी करण्याचा मार्ग देशागणिक वेगळा असावा असे सुचवले होते. त्याच वसंतात गॅसच्या भडकलेल्या किमतींवर स्पेन आणि पोर्तुगाल यांनी केवळ आपल्या द्वीपकल्पापुरती सवलत मिळवली. देशागणिक मार्गाची कल्पना २०२४ च्या नव्या नियमांत आली खरी, पण ९० टक्क्यांहून अधिक कर्ज असलेल्या देशांनी ते दरवर्षी सरासरी किमान एक टक्काबिंदूने घटवावे, ही जर्मनीच्या आग्रहाची अटही आली. ती डिसेंबर २०२३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांच्या अर्थमंत्र्यांत ठरली. तिचा मोठा भार ज्या देशांवर पडणार होता त्यांतल्या इटलीने दुसऱ्या दिवशीच्या दूरदृश्य बैठकीत तिला संमती दिली, आणि त्याच्या पुढच्या दिवशी इटलीच्या संसदेने स्थैर्य यंत्रणेच्या सुधारित कराराला मंजुरी नाकारली.